बटण सापडतं, पण मशीन आत्ता कुठे आहे ते कळत नाही

आजचा भाग घरातल्या यंत्रांबद्दल आहे: शेगडी, पंखा, मिक्सर आणि मुख्य म्हणजे वॉशिंग मशीन. एकाच घरात काहींना दिसतं आणि एकाला दिसत नाही, तर सगळ्यांना तेच मशीन कसं वापरता येईल, एवढाच प्रश्न घेतलाय. 'अंधांसाठी खास' वस्तूंबद्दल मी बोलणार नाहीये. बोलणारं घड्याळ, पांढरी काठी, ब्रेलची पाटी या एका माणसाच्या वस्तू झाल्या. वॉशिंग मशीन एका माणसाचं नसतं. आणि वन बीएचकेमध्ये दोन मशीन्स ठेवणार कुठे?

सुरुवात कुकरपासून करू. "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर" हे वाक्य कुठल्या घरात ऐकू येत नाही? शिट्टी मोजायला बघावं लागत नाही, बाहेरच्या खोलीत बसूनही मोजता येते, आणि आई मोजत होती ती मधूनच मुलाने पुढे मोजली तरी चालतं. हे कोणी दृष्टिहीनांचा विचार करून बनवलेलं नाही. पण दिसणाऱ्याला आणि न दिसणाऱ्याला इथे अगदी सारखीच माहिती मिळते.

आता दिव्याचा खटका. आपल्याकडे खटका खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. दिवा लागलाय की नाही, हे बोट फिरवून कळतं. पण जिन्यातला दिवा आठवा, ज्याला वर एक आणि खाली एक असे दोन खटके असतात. तिथे खटक्याच्या स्थितीवरून काहीच कळत नाही, कारण दुसऱ्या टोकाला कोणी काय केलंय त्यावर सगळं अवलंबून. ज्याला दिसतं तो मान वर करून दिवा बघतो. ज्याला दिसत नाही त्याने काय करायचं?

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'स्टेट' म्हणतो. यंत्र आत्ता कुठल्या स्थितीत आहे, ते. एकट्या माणसाच्या यंत्रात स्टेट डोक्यात ठेवता येते, कारण शेवटचा हात आपलाच असतो. घर म्हटलं की शेवटचा हात कोणाचा होता हे माहीत नसतं. दृष्टिहीन माणसाला बटण सापडणं ही अर्धीच गोष्ट आहे. ते दाबण्याआधी यंत्र कुठे होतं, हे हाताला कळायला हवं. माझ्या मते बहुतेक डिझाइन इथेच चुकतं.

जुनं सेमी ऑटोमॅटिक मशीन या बाबतीत फार हुशार होतं. त्याचा टायमर म्हणजे किल्ली दिल्यासारखा फिरवायचा गोल खटका. तो टिकटिक करत स्वतःच शून्याकडे परत येतो. मधेच जाऊन हात लावला की किती वेळ उरलाय ते बोटांना कळतं, आणि ज्याला दिसतं त्याला आकड्यांवरून कळतं. मिक्सरचंही तसंच, मधे शून्य, उजवीकडे एक-दोन-तीन.

आमच्याकडे आत्या राहते. मधुमेहाने तिची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. घरातले कपडे धुणं हे तिचं काम होतं, आणि ते ती कोणाला करू द्यायची नाही. मग नवीन फुल्ली ऑटोमॅटिक आलं. सपाट पॅनल, सगळी बटणं एकसारखी, प्रोग्राम बदलला की फक्त एक छोटा लाल दिवा पुढे सरकतो. तिला सांगितलं, "आत्या, चालू केलं की हे बटण चार वेळा दाब." चार दिवस चाललं. मग भावाने जीन्सचा प्रोग्राम लावला. ते मशीन शेवटचा प्रोग्राम लक्षात ठेवतं, त्यामुळे आत्याची मोजणी पहिल्या प्रोग्रामऐवजी जीन्सपासून सुरू झाली. साड्या जड धुलाईत गेल्या. नंतर ती म्हणायला लागली, "तूच लावून दे रे जाताना." ऐकायला साधं वाक्य आहे. पण जे काम तिचं होतं ते आता माझ्या ऑफिसच्या वेळेवर अवलंबून राहिलं.

'शेवटचा प्रोग्राम लक्षात ठेवा' ही सोय म्हणून टाकलेली गोष्ट आहे, आणि एकटा राहणाऱ्याला ती सोयच आहे. चालू केल्यावर दर वेळी पहिल्याच प्रोग्रामवर यायचं, असं केलं असतं तर? कोडमधला एका ओळीचा फरक. निदान ते ठरवण्याचा पर्याय तरी द्यावा.

टच पॅनलची अडचण वेगळी आहे. काचेखाली धातूचा छोटा पत्रा असतो, त्यावर अगदी थोडा विद्युतभार असतो. बोट जवळ आलं की त्यात फरक पडतो, चिप तो फरक मोजते आणि 'दाबलं' असं धरते. म्हणजे शोधणं आणि दाबणं या दोन क्रिया एकच झाल्या! उठावाच्या बटणावर आपण आधी बोट फिरवतो, ओळखतो, मग जोर देतो. काचेवर ओळखायला बोट फिरवलं तर वाटेतली तीन बटणं दाबली जातात. इंडक्शन शेगडीवर हे धोक्याचंही आहे.

फोनमध्ये हा प्रश्न सुटला, म्हणून तो सुटत नाही असं कोणी म्हणू नये. आयफोनमध्ये २००९ साली व्हॉइसओव्हर आलं. त्यात एकदा स्पर्श केला की फोन नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की काम करतो. शोधणं वेगळं, दाबणं वेगळं. त्याच सुमारास गूगलमध्ये टी. व्ही. रामन अँड्रॉइडवर काम करत होते. पुण्यात वाढलेला, काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेला, आयआयटी मुंबईत शिकलेला हा माणूस. त्यांच्या डायलरची कल्पना मला फार आवडते. पडद्यावर बोट जिथे टेकेल तिथे ५. तिथून वर सरकवलं की २, खाली ८, डावीकडे ४. बटण कुठे आहे हे शोधायचंच नाही, बटणच बोटाखाली येतं. शेगडीच्या काचेवर बोट डावी-उजवीकडे सरकवून आच कमी-जास्त करणं याच जातीचं आहे.

मग "मशीन बोलू दे की" असं सुचतंच. बोलावं, पण त्यावर विसंबू नये. भिवंडीत आजूबाजूला लूम चालू असेल तर खडखडाटात आपल्याला एकमेकांचं ऐकू येत नाही, मशीनचं काय येणार? वय वाढतं तसे आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि बहुतेक बीप नेमके तसेच असतात. शिवाय घरातल्याच कोणाला तरी त्या बोलण्याचा कंटाळा येतो आणि तो आवाज बंद करून टाकतो. आवाज सगळ्यांच्या कानावर पडतो, म्हणून त्यावर भांडण होतं. उठावाचा ठिपका कोणाला त्रास देत नाही.

ब्रेल का नाही? मोठेपणी नजर गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही, आणि मधुमेहात बोटांच्या टोकांची संवेदनाही कमी होऊ शकते. म्हणून मोठा, साधा ठिपका. जपानने याचं राष्ट्रीय मानक केलं आणि पुढे २०११ मध्ये आयएसओ २४५०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. सुरू करायच्या बटणावर ठिपका, बंद करायच्या बटणावर आडवी रेघ. आपल्या कीबोर्डवर एफ आणि जे वर, जुन्या फोनच्या ५ वर असते तशी खूण. जपानमध्येच काओ कंपनीने १९९१ मध्ये शाम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा दिल्या, म्हणजे कंडिशनरशी गल्लत होऊ नये. डोळ्यांत साबण गेलेल्या प्रत्येकाला त्याचा उपयोग.

असा ठिपका साच्यातच दिला तर प्रत्येक मशीनमागे खर्च जवळजवळ शून्य. अंजूरफाटा-माणकोलीच्या गोदामांत यंत्रांची खोकी थप्पीने उभी असतात, ती बघताना मला हेच वाटतं: एकदा साचा बदलला की सगळ्या थप्पीला ठिपका. कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ सांगतं की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेत उपलब्ध व्हावीत, यासाठी सरकारने पावलं उचलावीत. 'पावलं उचलावीत' म्हणजे किती, ते आपल्याला माहीत आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणं कायद्याशी विसंगत ठरवलं आणि किमान निकष सक्तीचे करायला सांगितलं. त्यात वॉशिंग मशीनचा ठिपका कधी येतो, बघू.

तोवर घरी करायचं तर फेव्हिक्रिलचा थ्रीडी आउटलायनर किंवा एम-सील. दाबायच्या बटणावर ठिपका चालतो. टच पॅनलवर मात्र तो बटणाच्या बाहेर, कडेला द्या, नाहीतर स्पर्श नीट लागत नाही. कडेचा ठिपका सापडला की बोट उचलून सरळ वर टेकवायचं. तीनच द्या: चालू, प्रोग्राम, सुरू. दहा दिले तर एकही ओळखू येत नाही. छापलेली अक्षरं झाकू नका, ती बाकीच्यांना लागतात. आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते कशासाठी आहेत ते सांगा. आमच्याकडच्या मावशींनी पहिला ठिपका काहीतरी सांडलंय समजून घासून काढला होता.

नवीन घ्यायचं असेल तर दुकानात प्लग लावून दाखवायला सांगा. ज्याला दिसत नाही त्यालाच सोबत न्या, आणि सेल्समनशी त्यालाच बोलू द्या. खटका असेल तर फिरवून बघा: तो कुठेतरी अडतो का, की नुसताच गोल फिरत राहतो? मग मधला कुठलातरी प्रोग्राम लावा, मशीन बंद करा, पुन्हा चालू करा आणि ते कुठून सुरू होतं ते बघा.