आवर्तसारणीतील थोरियम व युरेनियम यांचे स्थान

थोरियम (अणुअंक ९०) व युरेनियम (अणुअंक ९२) ही मूलद्रव्ये आज ॲक्टिनाइड श्रेणीत गणली जातात. १९४५ पर्यंत मात्र ती आवर्तसारणीच्या मुख्य भागात, अनुक्रमे हाफ्नियम व टंगस्टन यांच्या खाली दाखवली जात. त्यांच्या स्थानांतराला मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाच्या इतिहासात महत्त्व आहे. मुंबई उपनगरातील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुसंशोधन मुख्यतः याच श्रेणीतील मूलद्रव्यांशी निगडित आहे.

पार्श्वभूमी

डोबेरायनर (१८२९) यांनी समान गुणधर्मांच्या मूलद्रव्यांची त्रिके मांडली, तर न्यूलँड्स (१८६५) यांनी अष्टकांचा नियम सुचवला. १८६९ मध्ये दिमित्री मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने लावली व गुणधर्म जुळत नसतील तेथे जागा रिकाम्या ठेवल्या. गॅलियम (१८७५), स्कँडियम (१८७९) व जर्मेनियम (१८८६) यांच्या शोधांनी त्यांची भाकिते खरी ठरली.

युरेनियमचा अणुभार त्या वेळी सुमारे १२० मानला जाई आणि त्यानुसार त्याला योग्य जागा मिळत नव्हती. त्याचे ऑक्साइड क्रोमियम व टंगस्टन यांच्या ऑक्साइडांशी जुळते, हे पाहून मेंडेलीव्ह यांनी त्याचा अणुभार दुप्पट, म्हणजे २४० धरला व ते टंगस्टनच्या गणात ठेवले. आजचे मूल्य सुमारे २३८ आहे.

१९१३ मध्ये हेन्री मोस्ले यांनी क्ष-किरण वर्णपटांवरून अणुअंक हाच वर्गीकरणाचा खरा आधार असल्याचे दाखवले. त्यामुळे मूलद्रव्यांचा क्रम निश्चित झाला. युरेनियम नेमके कोणत्या गणात बसते, हा प्रश्न मात्र त्यातून सुटला नाही.

ॲक्टिनाइड संकल्पना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लेन सीबॉर्ग व त्यांचे सहकारी ९५ व ९६ या अणुअंकांची मूलद्रव्ये शोधत होते. ती प्लुटोनियमप्रमाणे +६ ऑक्सिडीकरण अवस्थेत जातील, या गृहीतकावर केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. लॅन्थॅनाइडांप्रमाणेच ॲक्टिनियमनंतरही एक स्वतंत्र श्रेणी असावी व ही मूलद्रव्ये +३ अवस्थेत स्थिर असावीत, असे सीबॉर्ग यांनी मांडले. त्यानुसार शोध घेतल्यावर १९४४-४५ मध्ये दोन्ही मूलद्रव्यांची ओळख पटली. युरोपियमखालील मूलद्रव्याला अमेरिशियम व गॅडोलिनियमखालील मूलद्रव्याला क्यूरियम ही नावे मिळाली.

जुनी मांडणी अगदीच निराधार नव्हती. थोरियमच्या संयुगांत जवळजवळ नेहमी +४ ही अवस्था आढळते आणि त्याच्या मुक्त अणूत, मूळ स्थितीत, ५एफ इलेक्ट्रॉन नसतो. या बाबतीत ते हाफ्नियमशी साम्य दाखवते.

तुर्भे येथील कार्य

घाटकोपरच्या दक्षिणेस असलेल्या तुर्भे येथे १९५४ मध्ये अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली. १९६७ मध्ये तिला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम व लॅन्थॅनाइडे एकत्र सापडतात. या वाळूपासून मिळालेल्या थोरियमवर प्रक्रिया करणारा कारखाना तुर्भे येथे १९५५ मध्ये उभा राहिला. त्यात तयार होणारे थोरियम नायट्रेट गॅसबत्तीच्या मेंटलसाठीही वापरले जाई.

१९६४ मध्ये येथे प्लुटोनियम संयंत्र कार्यान्वित झाले. सायरस अणुभट्टीतील वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून ते ट्रायब्युटिल फॉस्फेट या विद्रावकाच्या संपर्कात आणले जाई. +६ अवस्थेतील युरेनियम व +४ अवस्थेतील प्लुटोनियम विद्रावकात जातात. त्यानंतर प्लुटोनियमचे +३ अवस्थेत क्षपण केले की ते जलीय द्रावणात परतते व युरेनियम विद्रावकातच राहते. ज्या उच्च ऑक्सिडीकरण अवस्थांमुळे युरेनियम दीर्घकाळ टंगस्टनच्या गणात राहिले, त्यांचाच उपयोग करून ही दोन मूलद्रव्ये वेगळी करता येतात.

थोरियम-२३२ पासून युरेनियम-२३३ हे विखंडनक्षम समस्थानिक मिळते. होमी भाभा यांनी आखलेल्या त्रिस्तरीय अणुऊर्जा कार्यक्रमाचा तिसरा टप्पा यावर आधारलेला आहे.