मधुमेही माणसाचे मन

धारवाडच्या पेढ्याची कीर्ती दूरवर पसरली आहे. परीक्षेचा निकाल लागो, लग्न ठरो वा घरी पाहुणा येवो, पेढ्याची पुडी उघडल्याखेरीज आमच्या हुबळी-धारवाडात आनंदाला पूर्णता येत नाही. परंतु अशाच प्रसंगी घरातील एखादे वडीलधारे माणूस हात आखडून बसलेले दिसते. त्याला मधुमेह असतो. 'गोड सोडले, गोळी घेतली की झाले,' असे आपण सहज म्हणून जातो. त्याच्या मनावरचा भार मात्र आपल्या ध्यानी येत नाही. त्या भाराचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा रोग नवा नव्हे. मधासारख्या मूत्राचा रोग म्हणून सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आढळते. आज मात्र त्याचा प्रसार फार झाला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोक मधुमेही आहेत. त्यांतील बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा असतो. ह्या प्रकारात स्वादुपिंडातून इन्शुलीन स्रवते, परंतु शरीरातील पेशी त्याला पुरेशी दाद देत नाहीत. पुढे ते कमीही पडू लागते. त्यामुळे अन्नातून आलेली साखर पेशींत न शिरता रक्तातच साचून राहते.

आता मन आणि साखर ह्यांचा संबंध पाहू. दांडेलीच्या रानात अकस्मात वाघ समोर आला, तर आपले शरीर तत्क्षणी पळण्याच्या तयारीस लागते. मूत्रपिंडांवरील लहान ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल हे स्राव रक्तात मिसळतात. यकृत आपल्याजवळची साखर मोकळी करते आणि इन्शुलीनचे कार्य मंदावते. संकट टळले म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तातील साखर लवकरच पूर्ववत होते. मधुमेह्याची मात्र चढलेली साखर सहजी उतरत नाही. वाघ रोज भेटत नाही हे खरे. पण कर्जाचा हप्ता, नोकरीतील कटकट, मुलांची चिंता ह्यांनाही शरीर वाघासारखेच भिते. मग चिंतेने साखर वाढते आणि वाढलेली साखर पाहून चिंता आणखी वाढते, असे हे दुष्टचक्र होय.

शिवाय खुद्द रोगाचीही एक वेगळी चिंता असते. प्रत्येक घास मोजावा लागतो, रक्ततपासणीच्या दिवशी छातीत धडधडते, डोळे व मूत्रपिंडे बिघडतील ही भीती पाठ सोडत नाही, आणि ह्या पहाऱ्याला रविवारची सुटीही नसते. ह्या शिणवट्याची मोजणी करण्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलॉन्स्की व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९५ साली २० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. असा शीण आलेला माणूस पुष्कळदा पथ्य व औषध दोन्ही टाळू लागतो. आपण त्यास हट्टी म्हणतो. वास्तविक तो थकलेला असतो.

ह्यावर उपाय कोणता? सर्व काही एकदम बदलण्याचा संकल्प बहुधा मोडतो; लहान नेम टिकतो. रोज अर्धा तास चालावे. उणकल तलावाचा काठ किंवा नृपतुंग टेकडी ह्यांसाठी आपल्याजवळच आहे. चालण्याने स्नायू साखर वापरतात आणि मनही हलके होते. पुरेशी झोप घ्यावी. तपासणीचा आकडा हा परीक्षेतील गुण नसून वाटेवरचा मैलाचा दगड आहे, असे मानावे. मन फारच खचले, तर तेही डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. त्यात लाज कसली?

परंतु अर्धे औषध घरच्यांच्या हाती असते. 'बाबा, पुन्हा पेढा खाल्लात!' असे चारचौघांत म्हटल्याने पथ्य साधत नाही. माणूस चोरून खाऊ लागतो. त्यापेक्षा ज्वारीची भाकरी, पालेभाजी व उसळ सर्वांच्याच ताटात वाढावी, म्हणजे कोणा एकाचे ताट वेगळे पडत नाही. संध्याकाळी आजोबांबरोबर नातवाने फिरावयास जावे. आणखी एक गोष्ट प्रत्येक मुलाने ध्यानात ठेवावी. औषध घेणाऱ्या मधुमेह्यास एकाएकी घाम सुटून हात कापू लागले, तर साखर फार उतरलेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी तो शुद्धीवर असल्यास त्याला ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे व डॉक्टरांना बोलवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता त्वरित रुग्णालयात न्यावे.

१४ नोव्हेंबर हा बालदिन आपण साजरा करतो. इन्शुलीनच्या शोधकांपैकी एक, फ्रेडरिक बँटिंग, ह्यांचा जन्म १८९१ साली त्याच तारखेस झाला. म्हणून तोच जागतिक मधुमेह दिनही होय. बँटिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांस औषध दिले. धीर देण्याचे काम मात्र कोणत्याही प्रयोगशाळेत होत नाही. ते घरातच व्हावयाचे असते, आणि त्यासाठी वयाची अट नाही.