भूक मोजणारा एक पीएचडी प्रबंध

अमेरिकेत भूक किती आहे, यावर 1980च्या दशकात मोठा वाद होता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या कृतिगटाने 1984 मध्ये भुकेचे नेमके प्रमाण सांगता येत नाही असे म्हटले. वजन-उंची आणि उष्मांक मोजण्याची साधने होती. पण घरात अन्न पुरेल का, ही धास्ती त्यांत कुठे दिसणार?

हा प्रश्न कॉर्नेल विद्यापीठातील पोषणशास्त्राच्या संशोधक विद्यार्थिनी कॅथी रॅडिमर यांनी पीएचडीसाठी घेतला. प्रश्नावली आधी न बनवता त्यांनी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील 32 महिलांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. हा क्रमच निर्णायक ठरला. त्यातून दिसले, की टंचाई टप्प्याटप्प्याने येते: आधी काळजी, मग स्वस्त आणि एकसुरी जेवण, नंतर घास कमी करणे. आई स्वतःचे ताट आधी आखडते. मुलांच्या ताटाला शक्यतो शेवटी हात लागतो. म्हणूनच केवळ मुलांचे वजन पाहणाऱ्या तपासणीतून असे घर निसटू शकते.

या मुलाखतींतल्या बोलण्यावरून प्रश्न घडले आणि ‘रॅडिमर-कॉर्नेल मापिका’ तयार झाली. तिचा आधार घेत अमेरिकी सरकारने 1995 मध्ये वार्षिक पाहणी सुरू केली आणि त्यातून 18 प्रश्नांची मापिका ठरली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आठ प्रश्नांची जागतिक मापिकाही याच परंपरेतली. रॅडिमर पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्रात संशोधक होत्या.