अंगावर ‘पित्त’ उठते म्हणजे नेमके काय होते?

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत भर उन्हात तासभर नाचल्यावर एखाद्या तरुणाच्या मानेवर, छातीवर बारीक पुरळ उठते आणि प्रचंड खाज सुटते. एक जण सांगतो, “पित्त उठलंय, आमसूल चोळ.” दुसरा म्हणतो, “सकाळचं अंडं बाधलं.” घरी आजी म्हणते, “नजर लागली.” हे पुरळ का उठले, हे मात्र कोणीच विचारत नाही.

आपण ज्याला अंगावर पित्त किंवा गांधी उठणे म्हणतो, त्याला डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात. पोटातल्या ॲसिडिटीशी त्याचा संबंध नाही. आपल्या त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यातून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडले की बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, त्वचा फुगते आणि खाजते. साधारण पाचातल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. तो संसर्गजन्य नाही. त्यामुळे अशा माणसाचे ताट, टॉवेल किंवा अंथरूण वेगळे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

सहा आठवड्यांची रेघ

एक गांध सहसा २४ तासांच्या आत डाग न ठेवता विरते आणि नवी दुसरीकडे उठते. तीच गांध दिवसभराहून जास्त टिकली, दुखली किंवा मागे काळा डाग राहिला, तर आजार वेगळा असू शकतो. ढेकूण-डासांच्या चाव्याचे फोडही बरेच दिवस टिकतात. ते वेगळे ओळखावेत.

त्रास सहा आठवड्यांच्या आत थांबला तर तो तात्पुरता. त्यामागे बहुतेकदा व्हायरल ताप, कोळंबी-शेंगदाण्यासारखा पदार्थ, एखादे औषध किंवा गांधीलमाशीचा डंख असतो. सहा आठवड्यांच्या पुढे गेला तर तो जुनाट. यात अनेकदा बाहेरचे कारण सापडत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच मास्ट पेशींना उचकवत असते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे जास्त दिसते आणि काहींना सोबत थायरॉईडचा आजार असतो.

जुनाट प्रकारात अन्न क्वचितच कारण असते. तरीही आपल्याकडे पहिला घाव ताटावरच पडतो. अंडी बंद, मासे बंद, डाळ बंद. आधीच रक्त कमी असलेल्या बाईचे पोषण आणखी घटते आणि गांधी उठायच्या त्या उठतातच.

मुंबईच्या जगण्यातली कारणे

काही गांधी ठरावीक गोष्टीनेच उठतात:

- घाम आणि उष्णता: गच्च भरलेली लोकल, व्यायाम, मिरवणूक. बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे पुरळ येते.
- दाब: डिलिव्हरीच्या बॅगेचा पट्टा, कमरेचा बेल्ट. सूज लगेच न येता काही तासांनी येते, म्हणून कारण लक्षात येत नाही.
- थंडी: पावसात भिजून लोकलच्या दारातला वारा, बर्फाचे पाणी. अशा माणसाने थंड पाण्यात पोहणे धोक्याचे आहे. एकदम रक्तदाब घसरू शकतो.
- ओरखडा: नख ओढले की तशीच रेघ उठते.

अंगदुखीच्या गोळ्या हेही एक मोठे कारण. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी अनेकांच्या गांधी वाढतात. दिवसभर ओझी वाहणारा माणूस रोज वेदनाशामक घेतो आणि पित्तावर पुन्हा मेडिकलमधून पुडी आणतो. अशा पुडीत स्टेरॉईड असेल तर तात्पुरते बरे वाटते, पण सतत घेतल्याने साखर, रक्तदाब, हाडे यांवर परिणाम होतो.

उपचार

पहिला उपचार म्हणजे गुंगी न आणणारी किंवा कमी आणणारी ॲलर्जीविरोधी गोळी, उदाहरणार्थ फेक्सोफेनाडिन किंवा लिव्होसेटिरिझिन. एव्हिलसारख्या जुन्या गोळ्यांनी झोप येते. रिक्षा किंवा मशीन चालवणाऱ्यासाठी ते घातक. मात्रा डॉक्टरच ठरवतील. जुनाट त्रासात त्या रोज, काही महिने घ्याव्या लागू शकतात. त्यांनी भागले नाही तर ओमालिझुमॅब हे इंजेक्शनही आहे. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी अशा महापालिकेच्या रुग्णालयांत केसपेपर काढून दाखवावे. आमसुलाच्या पाण्याने थोडा गारवा वाटेल, पण कारण जाणार नाही.

इथे वेळ घालवू नका

गांधींसोबत ओठ, जीभ किंवा घसा सुजला, श्वास लागला, आवाज बसला, उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर ती जिवावरची ॲलर्जी आहे. ताबडतोब १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. मांडीत दिलेले ॲड्रेनालिनचे इंजेक्शन हाच यावरचा मुख्य इलाज आहे. गोळी देऊन वाट पाहू नका. रुग्णाला चालवू नका. आडवे झोपवून पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर बसवा.

कारण शोधण्याची सवय

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला, म्हणजे कारणाशिवाय काही घडत नाही. बाबासाहेबांनी हाच विवेक आपल्या हाती दिला. तो आपल्या शरीराच्या बाबतीतही वापरायला हवा. गांधी कधी उठल्या, त्याआधी काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, ऊन, घाम, दाब होता का, हे महिनाभर वहीत लिहा. मोबाईलवर फोटो काढा, कारण डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत गांधी विरलेल्या असतात. इतके करूनही कारण सापडले नाही, तरी ते ‘बाहेरचे’ ठरत नाही. ते शरीराच्या आतले असू शकते आणि त्यावर औषध आहे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर सेवा देणारे, वस्तीत रक्तदान शिबिरे घेणारे आपलेच तरुण आहेत. धोक्याची ही लक्षणे त्यांना तोंडपाठ हवीत. रविवारी विहारातल्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे दिली, तरी एवढे शिकवून होईल.