विरजण कुणाच्या घरी होतं?

अमेरिकेतल्या एकाच शहरात एका वस्तीत झाडांची गर्द सावली दिसते, तर दुसरीत तापलेलं डांबर. हा योगायोग नाही. १९३०च्या दशकात सरकारी यंत्रणेनं शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक लाल, म्हणजे कर्जासाठी ‘धोकादायक’ ठरल्या. १९३४पासून सरकार गृहकर्जांना विमा देऊ लागलं; तोही या वस्त्यांना सहसा नाकारला गेला. पैसाच न आल्यानं तिथं झाडंही कमी राहिली.

आता पुढची साखळी पाहा. घर हीच मध्यमवर्गाची सर्वांत मोठी बचत. त्याची किंमत वाढते, त्यावर मुलं शिकतात, धंद्याला तारण मिळतं. दूध दोन्ही घरांत सारखं असलं तरी विरजण एकाच घरी होतं. दही तिथंच लागलं. १९६८च्या कायद्यानं घरांच्या व्यवहारातला वर्णभेद बेकायदा ठरवला, पण साठलेली तफावत तशीच राहिली. २०२२मध्ये श्वेत कुटुंबांची मध्यक संपत्ती २ लाख ८५ हजार डॉलर होती, कृष्णवर्णीयांची जेमतेम ४५ हजार.

मग अशी तफावत साठवणारी भांडवलशाही सुधारता येईल? येईल, असं मला ठामपणे वाटतं. मात्र नुसते नियम बदलून नाही, भांडवलच पोहोचवावं लागेल. कनेक्टिकट राज्यात जुलै २०२३पासून गरीब कुटुंबात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळासाठी सरकार ३,२०० डॉलर गुंतवतं. वाढलेली रक्कम १८ ते ३० या वयात घर, शिक्षण किंवा धंद्यासाठी मिळेल.