चाकावरचं बिऱ्हाड, भाग 5: रेवस ते रेडी, खिसा सांभाळून

गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा, म्हणजे कोकणची सहल जवळजवळ फुकटात, असा समज करून घेऊन पुष्कळ बेत आखले जातात. तो समज कागदावर मांडून पाहिलेला बरा.

माणसं दोन, रात्री आठ. गाडी स्वतःचीच, साधी ईको. किनाऱ्याकिनाऱ्यानं रेडीपर्यंत जायचं आणि परतताना मुंबई-गोवा महामार्ग धरायचा. आडवळणं धरून साधारण 1200 किलोमीटर. लिटरला 14 किलोमीटर पडले तर 86 लिटर पेट्रोल, म्हणजे नऊ हजार. दोन वेळचं जेवण आणि नाश्ता बाहेर, दिवसाला दोघांचे 900 धरले तर नऊ दिवसांचे आठ हजार शंभर. फेरीबोटींचे हजार, किरकोळ दीड हजार. आठही रात्री घरगुती खोलीत काढल्या, खोलीचे 1800 धरले, तर 14,400. त्याऐवजी पाच रात्री गाडीत, कुणाच्या तरी अंगणात 400 रुपये देऊन, आणि तीनच रात्री खोलीत काढल्या तर 7,400. फरक सात हजारांचा.

सात हजार ही काही थोडी रक्कम नव्हे. पण गाडीच्या आत लाकूडकाम, लिथियम बॅटरी, छोटा फ्रिज, छपरावर सौर पॅनल असा दोन-तीन लाखांचा थाट केला असेल, तर तो वसूल व्हायला किती सहली कराव्या लागतील हे ज्याचं त्यानं मोजावं. भाड्याच्या कॅराव्हॅनचा हिशोब आणखी निराळा. बाहेरगावी जाणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरचं किमान भाडं लावायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. किनाऱ्याच्या रस्त्यानं दिवसाला 75 किलोमीटर झाले तरी खूप. म्हणजे न धावलेल्या किलोमीटरचे पैसे मोजत समुद्राकडे बघत बसायचं! भाडं ठरवताना ‘रोजचे किमान किती?’ हा प्रश्न पहिला विचारावा आणि मुक्कामाच्या दिवसाचा वेगळा दर काढून घ्यावा. शिवाय नंबरप्लेट पाहावी. स्वतः चालवायला मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी ‘ओळखीत’ भाड्यानं देत असेल तर अपघातानंतर विमा कंपनी ओळख दाखवत नाही.

तेव्हा कमी खर्चाच्या सहलीची खरी गाडी म्हणजे दारात उभी असलेलीच. आसनं न काढता त्यांच्यावर बसेल अशी घडीची फळी, गादी, मच्छरदाणी, खिडक्यांना पडदे, वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणि बॅटरीवरचा पंखा. सगळं सुटं, घरी आल्यावर बाहेर काढता येणारं. यात कंजुषीपेक्षा कायद्याचा भाग मोठा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठामपणे सांगितलं. उंच छप्पर चढवलेली, आसनं उपटून पलंग ठोकलेली गाडी आरटीओच्या नोंदीशिवाय रस्त्यावर आणली तर प्रत्येक नाक्यावर छातीत धडधड.

आता रस्ता. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या नावाशी जोडलेली, म्हणजे चार दशकांहून जुनी. नकाशावर ती एक सलग रेघ दिसते. प्रत्यक्षात दर तीस-चाळीस किलोमीटरला एक खाडी आडवी येते. काही खाड्यांवर पूल आहेत, काहींवर कामं चालू आहेत, आणि जिथे पूल नाही तिथे फेरीबोट. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. या चार तरी माहीत हव्यातच.

या चार फेऱ्या म्हणजे सहलीची बचत आहे. दाभोळला बोट टाळून गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो. बोटीचं तिकीट काही शे रुपये, आणि वळशाचं नुसतं पेट्रोलच त्याच्या दुपटी-तिपटीनं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो मात्र या हिशोबात बसत नाही. 2020 पासून चालू झालेली ही बोट गाडीसकट तासाभरात पलीकडे नेते, वडखळची कोंडी टळते, हे सगळं खरं. पण ते सुखाचे पैसे आहेत. बजेटवाल्यांनी पहाटे निघून पेणमार्गे अलिबाग गाठावं.

फेरीत गाडी चढवण्याची एक रीत आहे. धक्क्यावर माणसांचं आणि गाडीचं तिकीट काढायचं, आणि बोट लागली की आधी उतरणाऱ्यांना जाऊ द्यायचं. बोटीची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते. भरती असेल तर ती जवळजवळ सपाट. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा ओला, शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि उताराला चांगलाच खोल कोन येतो. ईको किंवा ओम्नी सहज उतरते. लांब शेपटीच्या ट्रॅव्हलरचा मागचा बंपर इथेच घासतो, कारण पुढची चाकं फळीवर चढतात तेव्हा मागच्या चाकांपलीकडचं धूड जमिनीला टेकतं. खलाशी हातवारे करत ‘येऊ द्या, येऊ द्या, उजवीकडे मारा’ म्हणत असतो. तो रोज शेकडो गाड्या चढवतो, तेव्हा आरशापेक्षा त्याच्या हाताकडे बघावं. आत गेल्यावर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवायची. पंप, शेगडी काहीही चालू राहता कामा नये आणि सिलिंडरची कळ बंद झालेली हवी.

भरती-ओहोटी कळायला मोबाइल लागत नाही. घरातलं पंचांग पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे गणित किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हा ठोकताळा मुंबईचा आहे. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला पाणी थोडं आधी चढतं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढे.

हे गणित न केल्यानं काय होतं ते दर मोसमात बातम्यांत दिसतं. पौर्णिमेचा शनिवार धरा. संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. कर्दे किंवा लाडघरसारख्या किनाऱ्यावर लांबवर ओली, घट्ट वाळू पसरलेली असते. गाडी तिच्यावरून सुरेख पळते. चांदण्यात समुद्राकाठी झोपायची हौस येते आणि गाडी तिथेच उभी राहते. त्यानंतर पाणी वळतं, बाराला उधाणाची भरती. मध्यरात्री जाग येते तेव्हा चाकाखालची वाळू सरकायला लागलेली असते. चाक फिरवावं तितकं खोल जातं. मग ट्रॅक्टर शोधायचा, आणि अर्ध्या रात्री ट्रॅक्टरचा दर कोण ठरवतं हे सांगायला नको. वाळूवर चाक घालूच नये हा साधा नियम. खारं पाणी चेसिसला लागलं की गंजाचा खर्च पुढे वर्षभर. सहलीहून आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्यानं धुऊन घेणं हा बजेटमधला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा खर्च.

मग गाडी लावायची कुठे? कमी खर्चाची सहल इथेच जमते किंवा फसते. बहुतेक जण रस्ता आखतात आणि रात्र पडेल तिथे जागा शोधतात. व्हॅनच्या बाबतीत उलटं करावं. आधी आठ रात्रींच्या आठ जागा नक्की कराव्यात आणि त्यांना जोडेल तो रस्ता. पश्चिमेतल्यासारखे वीज-पाण्याचे नळ असलेले कॅराव्हॅन तळ कोकणात गावोगाव नाहीत. राज्यानं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, पण धोरणावर गाडी लावता येत नाही. इथे आहे ते खानावळीचं अंगण. आगाऊ फोन करून ‘दोन माणसं दोन्ही वेळ तुमच्याकडे जेवतील, गाडी अंगणात लावू, न्हाणीघर वापरू, किती द्यायचे?’ असं सरळ विचारलं तर मुरूड, दिवेआगर, गुहागर, मालवण भागात नकार क्वचित येतो. पैसे आधी ठरवावेत. ‘काय ते द्या’ म्हणणाऱ्या काकूंनाही ठरवून द्यावेत. नाहीतर पुढच्या व्हॅनवाल्याला ते अंगण मिळत नाही.

अंगणात जागा निवडतानाही डोकं वर करून बघावं. माडाखाली गाडी लावू नये. नारळ पडतो, झावळी पडते, आणि काच किंवा सौर पॅनल फुटल्यावर माडावर दावा लावता येत नाही. सुरूच्या बनात सावली छान, पण तिथली जमीन बहुधा भुसभुशीत वाळूचीच.

गाडीचा आकारही मुक्काम ठरवतो. किनाऱ्याच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या आणि लोंबत्या तारा, आणि समोरून एसटी. ईकोची रुंदी दीड मीटरच्याही आत, लांबी पावणेचार मीटरच्या आत. ती बाजूला दबून उभी राहते. उंच छपराच्या ट्रॅव्हलरला त्याच गल्लीत एसटीसमोर मागे मागे जावं लागतं. आत उभं राहता येण्याचं सुख खरं, पण केळशी, आंजर्ले, वेळणेश्वर अशा गावांच्या आतल्या रस्त्यांवर त्या सुखाचं ओझं होतं.

मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यातही नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा सोडावा, कारण त्या दिवसांत अंगणसुद्धा विकलं गेलेलं असतं. मार्चपासून रात्रीही घाम थांबत नाही आणि गाडीत एसी चालवायची बॅटरी हा बजेटवाल्यांचा विषयच नाही. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या लिथियम बॅटरीत जवळपास 1280 वॅट-अवर वीज असते. वीस वॅटचा पंखा रात्रभर चालला तर 160 खर्च होतात. हजार वॅटचा एसी तीच बॅटरी तासा-सव्वातासात रिकामी करतो. शिमग्याला जायचं तर पालखी बघायला खुशाल जावं, पण मग चाकरमान्यांची गर्दी आणि घराघरात पाहुणे हे धरूनच.

फेब्रुवारीनंतर वेळास, आंजर्ले भागात कासवांची पिल्लं समुद्राकडे सोडतात. वेळासला हे काम 2002 पासून चालू आहे. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, त्यामुळे त्या किनाऱ्यांजवळ मुक्काम असेल तर गाडीचे दिवे, पट्ट्यांची रोषणाई समुद्राच्या बाजूला रात्री लावूच नये.

स्वयंपाकाचा उत्साह आवरता घ्यावा. गाडीत चहा, पोहे, फार तर खिचडी. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला बाहेर उघडणारं भोक हवं आणि झोपताना कळ बंद. मासळीचं म्हणाल तर हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव पाहण्यासारखा असतो. होड्यांतून टोपल्या उतरतात, वाळूवर वाटे मांडले जातात, बोली बघता बघता संपते. तिथून थोडी मासळी बायकांकडून घ्यावी आणि खानावळीत करायला द्यावी. बांगडा एकदा व्हॅनमध्ये तळला की तो रेडीपर्यंत सोबत येतो.

पेट्रोल मोठ्या गावांत भरावं: श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण. मधल्या पट्ट्यात पंप विरळ आहेत, आणि प्रत्येक खाडीला उतरून पुन्हा सड्यावर चढायचं असल्यानं गाडी सपाटीपेक्षा जास्त पिते. खाडीच्या तळाशी मोबाइलची रेंज जाते, म्हणून तिकिटापुरती रोकड खिशात असावी.

रेडीपर्यंत पोचलेल्यांना तेरेखोलचा मोह होतोच. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला, पण हद्द गोव्याची. तिथून पुढे व्हॅनवाल्यांसाठी नियम बदलतात. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणं हा गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनं एकट्याला 2,000 आणि गटाला 10,000 रुपये दंड ठेवला होता. गाडीमागे शेगडी मांडून मॅगी करणाऱ्या कुटुंबाचा वर मांडलेला सगळा हिशोब तेवढ्यानं कोलमडतो. पलीकडे जायचंच असेल तर शेगडी आत, डबा खानावळीचा.

(पुढच्या भागात: दोन जणांना दिवसाला किती पाणी लागतं, ते कुठे भरायचं आणि सांडपाण्याचं काय करायचं.)