पदवी नाही, पण हात आहे?

कोल्हापूरच्या भानू अथैया मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, फॅशन नव्हे. 'ईव्ज वीकली'साठी त्या फॅशनची रेखाचित्रं काढत. संपादिकेनं बुटीक उघडलं तेव्हा कपडे बेतायचं कामही त्यांच्याकडे आलं. पुढे 'सी.आय.डी.' (१९५६) चित्रपटाची वेशभूषा आणि 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर.

आज फॅशन डिझाइनमध्ये अशी सुरुवात करायची तर स्केचबुकाआधी शिलाई मशीन घ्या. स्वतः कधी मुंढा कापला नसेल, तर टेलरमास्तरांशी बोलणार काय? नवा पॅटर्न आधी मांजरपाटावर शिवून अंगावर चढवा. काखेत काचतं का, ते तिथेच कळतं आणि भारी पैठणी वाचते. नवरीच्या ब्लाउजला आत भरपूर माया ठेवा. माप दिल्यापासून मुहूर्तापर्यंत अंग कमी-जास्त होतंच.

कापडाचे पूर्ण पैसे आगाऊ घ्या. नातेवाइकांकडून तर आधी! डिझाइनची फी शिलाईत मिसळू नका, बिलात वेगळी लिहा. नाहीतर गिऱ्हाईक शेजारच्या टेलरचा दर ऐकवतं. छोट्या व्यवसायासाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. फक्त डिझाइनची सेवा देत असाल, तर महाराष्ट्रात वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.